जिनवाणीचा प्रवास : ताडपत्रापासून मुद्रणापर्यंत



साहित्य, तत्त्वज्ञान आणि तंत्रविद्या या तिहींनी समाजाची मूल्ये घडविली, असे विधान व्यासपीठावरून नेहमी केले जाते. विधान खरे आहे. परंतु ते इतके विस्तीर्ण आहे की, ऐकणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही. म्हणून आजच्या विवेचनासाठी एकाच ग्रंथाची हकीकत घेणे अधिक सोयीचे ठरेल. तो ग्रंथ म्हणजे षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका. या ग्रंथाचे दर्शन शतकानुशतके भाविकांनी घेतले, पण तो वाचणारे मात्र उरले नव्हते. तो पुन्हा वाचला जाऊ लागला त्यामागे शाई, कागद व शिसे यांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच माणसांच्या मनातील दीर्घ संघर्षाचाही आहे.

परंपरा सांगते की, गिरनारच्या चंद्रगुफेत निवास करणाऱ्या आचार्य धरसेनांना आपल्यानंतर श्रुताचा विच्छेद होईल अशी चिंता वाटू लागली. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघाकडून दोन बुद्धिमान शिष्य मागविले. पुष्पदंत आणि भूतबली हे ते शिष्य होत. गुरुमुखातून मिळालेले ज्ञान त्यांनी सूत्ररूपाने ग्रंथबद्ध केले आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्या ग्रंथाची पूजा झाली. तीच आजची श्रुतपंचमी. या घटनेत दडलेले धाडस सहसा लक्षात येत नाही. आगम हा कंठस्थ ठेवायचा, गुरूने शिष्याला द्यायचा, ही तोवरची रीत होती. पोथी बाळगणे हा साधूच्या दृष्टीने परिग्रह. पानांच्या फटींत सूक्ष्म जीव अडकतात, म्हणून ती हिंसेचेही निमित्त. जुन्या भाष्यग्रंथांत पोथी बाळगणाऱ्या साधूंना प्रायश्चित्ते सांगितलेली आहेत. श्वेतांबर परंपरेतही देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम लिपिबद्ध झाले ते वीरनिर्वाणानंतर ९८० (किंवा दुसऱ्या गणनेने ९९३) वर्षांनी. म्हणजे लेखनविद्या समाजात प्रचलित असतानाही धर्मक्षेत्राने ती फार उशिरा आणि नाइलाजाने स्वीकारली. अपरिग्रहाचे व्रत आणि श्रुतरक्षणाचे कर्तव्य यांच्यात जेव्हा निवड करावी लागली, तेव्हा आचार्यांनी श्रुताच्या बाजूने कौल दिला. लेखणीविषयीचा हा पेच पुढे छापखान्याच्या वेळी जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला.

राष्ट्रकूटांच्या काळात, इ. स. ८१६ मध्ये, आचार्य वीरसेनांनी धवला पूर्ण केली. बहात्तर हजार श्लोकप्रमाण अशी ही टीका प्राकृत आणि संस्कृत यांच्या मिश्रणातून सिद्ध झाली आहे. ती ज्या वाटग्रामी लिहिली गेली, ते नाशिक परिसरात असावे असे काही संशोधक मानतात. मात्र याविषयी एकमत नाही. त्यानंतर गुणधराचार्यांच्या कषायप्राभृतावरील जयधवला टीका वीरसेनांनी आरंभिली. वीस हजार श्लोकांवर ती थांबली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी आणखी चाळीस हजार श्लोक रचून इ. स. ८३७ मध्ये ती पुरी केली. गुरूचे अर्धे राहिलेले काम शिष्याने दुपटीने लिहून पूर्ण करावे, ही गोष्ट केवळ साहित्याच्या इतिहासात मावणारी नाही.

ग्रंथ रचला म्हणजे तो टिकतो असे नाही. ताडपत्राचे आयुष्य मर्यादित असते. वाळवी, ओलावा व धूर यांच्यापासून ते जपावे लागते आणि ठरावीक काळाने नवी प्रत करावीच लागते. येथे चतुर्विध दानाच्या तत्त्वज्ञानाने मोलाचे कार्य केले. आहार, औषध आणि अभय यांच्या पंक्तीला जैन आचार्यांनी शास्त्रदानाला बसविले. त्यामुळे पोथी लिहवून घेणे हे पुण्यकर्म ठरले आणि ज्यांना ती वाचताही येत नव्हती अशा असंख्य गृहस्थांनी त्यासाठी द्रव्य वेचले. दहाव्या शतकातील कन्नड देशीच्या अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून वाटल्या, असे परंपरेने नोंदविले आहे. छापखाना माहीत नसलेल्या युरोपलाही ज्याची कल्पना नव्हती, अशी ही हजार प्रतींची आवृत्ती! मूडबिद्रीच्या धवला प्रतीच्या प्रशस्तीत देमियक्का नावाच्या श्राविकेचा उल्लेख येतो. श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनाप्रीत्यर्थ तिने ही प्रत शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केली. महाबंधाची प्रत मल्लिकब्बे हिने लिहवून माघनंदी मुनींना दिली. आज जगात या सिद्धांतग्रंथांचा मूळ आधार म्हणून जी ताडपत्रे शिल्लक आहेत, ती अशा स्त्रियांच्या व्रतपूर्तीतून उरलेली आहेत. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

मग वाचन थांबले कसे? एक कारण सांगताना थोडा संकोच वाटावा असे आहे. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसाराची रचना केली आणि सिद्धांतग्रंथांचे सार सुटसुटीत गाथांत आणले. तो ग्रंथ इतका सरस उतरला की, अभ्यासकांना मूळ महाग्रंथाची गरज भासेनाशी झाली. उत्तम सारग्रंथाने मूळ ग्रंथाचे वाचन मागे पाडावे, हा प्रकार विद्याक्षेत्रात नवा नाही. परीक्षार्थी विद्यार्थ्यांच्या घरी तो आजही पाहावयास मिळतो. हळूहळू अन्य ठिकाणच्या प्रती नाहीशा झाल्या आणि दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे तेवढी राहिली. यात्रेकरू येत, पेटी उघडली जाई, पानांपुढे दीप ओवाळला जाई, पेटी बंद होई. मूडबिद्रीकरांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जपले म्हणून ग्रंथ उरला. परंतु जपणे आणि वाचणे या दोन क्रिया तेथे एकमेकींपासून पूर्णपणे तुटल्या होत्या.

इ. स. १८८३ च्या सुमारास मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रासंघ घेऊन मूडबिद्रीला गेले. ग्रंथांचे दर्शन झाले, परंतु जीर्ण होत चाललेली पाने पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. त्यांनी सोलापूरचे आपले स्नेही शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ही व्यथा कळविली. हिराचंद स्वतः मूडबिद्रीला गेले; श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांनी ती लिपी वाचून दाखविली. प्रत करून घेण्याची संमती मिळविणे, त्यासाठी निधी उभारणे आणि जाणता लेखक शोधणे यात सुमारे बारा वर्षे गेली. प्रत्यक्ष प्रतिलेखन १८९६ च्या सुमारास सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या निधनानंतर मिरजेच्या गजपती शास्त्रींनी ते चालविले. तिन्ही सिद्धांतग्रंथांच्या प्रती पूर्ण व्हायला १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे! अट मात्र कायम होती : प्रती मूडबिद्रीतच राहतील, त्या बाहेर जाणार नाहीत, छापल्या तर मुळीच जाणार नाहीत.

ही अट समजण्यासाठी त्या काळातील छापखान्याविरुद्धचे वातावरण समजून घेतले पाहिजे. श्वेतांबर समाजात भीमसी माणेक यांनी मुंबईत १८७० च्या दशकातच धर्मग्रंथ छापण्यास प्रारंभ केला होता. दिगंबर समाजात विरोध अधिक तीव्र होता. शास्त्र छापणे म्हणजे जिनवाणीचा अविनय, असे सांगितले जाई. छापील शास्त्र मंदिरात ठेवू न देण्याचे, छापणाऱ्यांवर बहिष्काराची भाषा करण्याचे प्रकार अनेक गावी घडले. आज या विरोधाकडे पाहून हसू येते. पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या काळी टाइपावर शाई फिरविणारे रूळ सरस आणि काकवी यांच्या मिश्रणातून ओतले जात आणि सरस हा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनच निघतो. पुस्तकबांधणीतही तोच. सोवळ्याने, पाय न लावता, चौरंगावर ठेवून वाचायचे शास्त्र अशा रुळाखालून जावे आणि उद्या त्याचे पान वाण्याच्या पुडीला लागावे, ही कल्पना श्रद्धाळू मनाला सहन होणारी नव्हती. अहिंसेच्या सूक्ष्म विचारातूनच हा आक्षेप आला होता. त्यात पंडितांच्या मक्तेदारीचा अंश होता हे खरे, परंतु सगळा आक्षेप मक्तेदारीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुधारकांनीही तो गांभीर्याने घेतला. कोलकात्यात तर पुढे ‘पवित्र प्रेस’ या नावाचाच जैन छापखाना निघाला.

हिराचंद नेमचंद यांचा मार्ग याहून सरळ होता. त्यांनी १८८४ मध्ये सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक मराठीत सुरू केले. त्याच वर्षी युरोपात हर्मन याकोबी यांनी केलेल्या जैन सूत्रांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. हा योगायोगच म्हणायचा, पण बोलका. जे शास्त्र छापावे की नाही याबद्दल येथे वाद चालला होता, ते ऑक्सफर्डला छापून बाहेर पडत होते. कोल्हापुरात कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी महापुराण मराठी अनुवादासह छापले. संस्कृत न जाणणाऱ्या शेतकरी श्रावकाच्या घरी आदिनाथांचे चरित्र त्याच्याच भाषेत पोहोचले. मराठीत जैन रचना पूर्वीही होती. गुणदास, गुणकीर्ती, मेघराज यांच्या पोथ्या विदर्भ-मराठवाड्यातील मंदिरांत होत्या. परंतु त्या ऐकण्यासाठी मंदिरात जावे लागे आणि वाचणारा भेटावा लागे. छापील पुस्तकाने स्वाध्याय घरात आणला आणि घरात येताच तो स्त्रियांच्या हातीही गेला. माणिकचंदांच्या कन्या मगनबेन यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. त्या कार्याच्या मुळाशी ही स्वस्त, सुवाच्य पुस्तके होती हे विसरता येत नाही.

आता मूडबिद्रीच्या कथेतील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळावयाचे आहे. गजपती शास्त्री मूडबिद्रीत बसून प्रत करीत असताना त्यांनी आणि त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुप्तपणे धवला-जयधवलेची आणखी एक प्रत कन्नड लिपीत तयार केली. ही प्रत घेऊन शास्त्री प्रथम सोलापूरला हिराचंदांकडे आले. ज्या ग्रंथासाठी हिराचंदांनी आयुष्याची वर्षे खर्ची घातली होती तो ग्रंथ दारात आला होता, मोबदला द्यावयाचा आणि घ्यावयाचा एवढेच बाकी होते. हिराचंदांनी नकार दिला. इतकेच नव्हे तर माणिकचंदांनाही ती न घेण्याविषयी लिहिले. मूडबिद्रीच्या पंचांना दिलेला शब्द त्यांना मोडावयाचा नव्हता. पुढे ती प्रत उत्तरेत सहारनपूरला गेली. तेथील लाला जंबूप्रसाद यांनी ती घेऊन आपल्या मंदिरात स्थापन केली. तिच्यावरून नागरी प्रत तयार करण्याचे काम चालू असता, ते काम करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःजवळ एक प्रत राखली आणि त्या प्रतीवरून झालेल्या प्रती आरा, कारंजा, सागर, अमरावती अशा ठिकाणी पसरल्या.

याला काय म्हणावे? अचौर्याणुव्रताचा भंग की शास्त्रदान? अदत्तादान हे चोरीचे लक्षण मानले तर येथे चोरी घडली, यात शंका नाही. पण जिनवाणी ही कोणा एका बसदीची मालमत्ता असू शकते काय, हा प्रश्नही तेवढाच खरा. अनेकान्ताची ओळख करून देताना हत्ती आणि सात आंधळे यांची गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट फार सोपी आहे. सहारनपूरच्या प्रतीचा पेच तसा सोपा नाही. हिराचंदांचा नकार थोर होता. आणि सगळ्यांनी तसाच नकार दिला असता, तर धवला कदाचित आणखी कित्येक वर्षे पेटीतच राहिली असती. लक्ष्मीबाईंनी रात्री दिव्यापुढे बसून लिहिलेली अक्षरे देमियक्केच्या व्रताशी जुळणारी होती की त्याच्या विरोधी, याचा निर्णय ज्याने त्याने करावयाचा आहे. हिशेब मांडणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, पुढे जे घडले ते दोघांमुळेही घडले.

पुढे घडले ते अमरावतीत. किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनी कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ आधीच प्रकाशात आणले होते. विदिशा (तेव्हाचे भेलसा) येथील शेठ लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून साहित्योद्धारक निधी स्थापन झाला आणि धवलेच्या संपादनाचे काम हाती घेण्यात आले. पंडित फूलचंद्र, पंडित हिरालाल व पंडित बालचंद्र हे शास्त्री त्यांच्या साहाय्यास होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे सहकार्य होते. १९३९ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. विरोध झालाच. परंतु छापील खंड हाती पडल्यावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. मूडबिद्रीचे भट्टारक व पंच यांचे मन पालटले. ज्यांनी पाच दशके प्रत बाहेर जाऊ दिली नव्हती, त्यांनीच मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमती दिली आणि तेथील लोकनाथ शास्त्रींनी ते काम केले. पाठभेदांच्या याद्या अमरावतीला येऊ लागल्या.

या याद्यांचे मोल एका शब्दावरून कळेल. पहिल्या खंडातील सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात मनुष्यिनीच्या गुणस्थानांचा विषय आहे. हाती असलेल्या प्रतींत तेथे ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. टीकेचा ओघ पाहता तो असला पाहिजे असे संपादकांना वाटले आणि त्यांनी तळटीपेत तसे नम्रपणे सुचविले. समाजात खळबळ माजली. स्त्रीला संयताचे गुणस्थान, आणि पर्यायाने मोक्ष, या प्रश्नावर दिगंबर व श्वेतांबर यांचा प्राचीन मतभेद आहे. तो या एका शब्दाभोवती नव्याने पेटला. सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या. दरम्यान मूडबिद्रीची ताडपत्रे पाहिली गेली. शब्द तेथे होता. प्रतीवरून प्रत करताना कोठेतरी तो गळाला होता. त्याचा अर्थ भावस्त्रीपुरता घ्यावयाचा की द्रव्यस्त्रीपर्यंत न्यावयाचा, हा वाद विद्वानांत पुढेही चालला आणि तो येथे सोडविण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद झाली. पाठ काय आहे हे मताने ठरत नाही, पान पाहून ठरते. श्रद्धेच्या क्षेत्रात ही शिस्त आणण्याचे काम छापखान्याने केले. कारण छापील पानावरची चूक हजार घरी एकाच वेळी दिसते आणि हजार जण ती विचारू शकतात. आणि ज्या ताडपत्राने स्त्रीविषयक सूत्रातील शब्द परत दिला, ते ताडपत्र एका स्त्रीने लिहवून दिलेल्या ग्रंथाच्या परंपरेतले होते.

दुसरा लाभ कोणी कल्पिला नव्हता. धवलेत द्रव्यप्रमाणाच्या विवेचनात मोठमोठ्या संख्यांची घडण, अर्धच्छेदांची रीत आणि संख्यात, असंख्यात, अनंत यांचे भेद आले आहेत. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते मोजणे म्हणजे अर्धच्छेद. आजच्या गणितात दोन हा पाया धरून घेतलेला लॉगरिथम तो हाच. लखनौ विद्यापीठातील गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी छापील खंड वाचले आणि चौथ्या खंडात धवलेतील गणितावर लेख लिहिला. पेटीतील ग्रंथ पेटीतच राहिला असता, तर दीप ओवाळणाऱ्यांपैकी कोणाला हे उमगण्याचा संभव नव्हता. धवलेचा सोळावा खंड १९५८ मध्ये निघाला. महाबंध भारतीय ज्ञानपीठाने, तर जयधवला मथुरेच्या दिगंबर जैन संघाने प्रकाशित केली.

मुद्रणाने काही हिरावूनही घेतले. पूर्वी सायंकाळी शास्त्रसभेत एक जण वाची, बाकीचे ऐकत, मध्येच कोणी वृद्ध श्रावक शंका काढी आणि वाचन थांबे. घरोघर पुस्तक आल्यावर ही बैठक विरळ झाली. पुष्कळ ठिकाणी छापील संच कपाटात गेले आणि पुन्हा केवळ दर्शनाचे धनी झाले. लाकडाच्या पेटीऐवजी काच आली, इतकाच फरक. आचार्य शांतिसागर महाराजांना ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट केल्याचे समजले, तेव्हा त्यांनी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरविण्याची प्रेरणा दिली. ते ताम्रपट फलटणला आहेत. कागदावरही ज्यांचा विश्वास बसला नाही त्यांनी तांब्याचा आश्रय घेतला. आज तेच ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर, भ्रमणध्वनीवर उतरले आहेत. मूळ पोथीला हात न लावता तिचे छायाचित्र मिळते. रुळातील सरसाचा प्रश्नही उरलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, प्राकृत वाचू शकणारे तरुण मात्र गावोगावी बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि जुनी कन्नड लिपी जाणणारे त्याहूनही थोडे.

सोलापुरात ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जैन संस्कृती संरक्षक संघाची ग्रंथमाला उभी राहिली. तिचे पहिले पुष्प, तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग, १९४३ मध्ये निघाले. अमरावतीच्या धवलेचे खंड पुढे दुर्मीळ झाले, तेव्हा मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पडताळलेली सुधारित आवृत्ती याच संघाने हाती घेतली आणि तिचा पहिला खंड १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. हिराचंद नेमचंदांनी ज्या गावात ती गुप्त प्रत दारातून परत पाठविली होती, त्याच गावात.